हरणाला गोळी लागते, पण हरीण सापडत नाही: गोळीचं वजन आणि बांधणी कोणत्या क्रमानं तपासावी

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाचा रायफल-हंगाम सुरू होतो आणि त्याच रात्री माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न दरवर्षी तोच असतो. "गोळी लागली, मी डोळ्यांनी पाहिलं, पण हरीण मिळालं नाही. पुढच्या वेळी जास्त वजनाची गोळी घेऊ का?" गेली अकरा वर्षं हंगामाच्या आधीचे शनिवार मी रेंजवर मित्रांच्या रायफली झीरो करून देण्यात, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशा जुळवून देण्यात घालवतो आणि हंगामात त्यांच्यासोबत माग काढत फिरतो. एवढ्या अनुभवावरून सांगतो, "जास्त वजनाची घे" हे उत्तर फार क्वचित बरोबर निघतं.

आधी कायद्याचं बोलू. हे सगळं अमेरिकेतल्या परवाना घेऊन केलेल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे यातलं काही तिकडे लागू होत नाही. दुसरं म्हणजे, एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना इथल्या संघीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. राज्याचा वैध शिकार-परवाना जवळ असेल तर त्याला अपवाद आहे. परवाना हातात येण्याआधी मित्राची रायफल नुसती रेंजवर चालवून बघू नका. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर आधी वकिलाला विचारा.

एक शब्दही स्पष्ट करून ठेवतो. काडतूस म्हणजे पुंगळी, दारू, ती पेटवणारी टोपी आणि गोळी मिळून अख्खी वस्तू. गोळी म्हणजे फक्त पुढचा भाग, जो नळीतून बाहेर पडून हरणापर्यंत जातो. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजे १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमच्या आसपास भरते.

लक्षणं

पहिलं लक्षण: गोळी शिरली तिथे बोटाएवढं भोक आणि बाहेर पडली तिथेही तेवढंच. पहिल्या पन्नास यार्डांत रक्ताचा थेंब नाही. हरीण दीडशे-दोनशे यार्डांवर मिळतं किंवा मिळतच नाही. इथे गोळी उमललीच नाही, म्हणजे आत शिरताना तिचं टोक पसरून रुंद झालं नाही, किंवा हवी तेवढी उमलली नाही.

दुसरं लक्षण याच्या नेमकं उलट. शिरण्याच्या जागी मोठा उथळ खड्डा आणि दुसऱ्या बाजूला भोकच नाही. सोलल्यावर अख्खा खांदा साकळलेल्या रक्तानं काळानिळा दिसतो आणि मांसात शिशाचे कण रुतलेले असतात. गोळी वरच्यावरच फुटली.

तिसरं: हरीण जागीच कोसळलं, दहा सेकंदांनी उठलं आणि निघून गेलं. यात गोळीचा दोष बहुधा नसतो. ती फार वर, कण्याच्या वरच्या काट्याला चाटून गेलेली असते.

चौथं लक्षण कागदावर दिसतं. भोकं विखुरलेली पडतात, किंवा गोल न दिसता चावीच्या भोकासारखी लांबट दिसतात.

यात एक गोष्ट मोजायची नाही. दोन्ही फुप्फुसांतून गोळी नीट गेली तरी हरीण पन्नास-ऐंशी यार्ड पळू शकतं. तो दोष नाही. ते पळालं म्हणून गोळी बदलायला जाऊ नका.

आधी जागा वाचा. याला पैसे लागत नाहीत

ट्रिगर दाबला तिथून हलण्याआधी, हरीण उभं होतं तिथलं एखादं झाड किंवा दगड मनात पक्का करा आणि फोनमध्ये फोटो काढा. मचाणावरून उतरलं की सगळं रान वेगळं दिसायला लागतं. मग त्या जागी जाऊन गुडघ्यावर बसा. पाचोळ्यावर केस पडलेले असतात. तपकिरी, टोकाला काळपट केस छातीच्या बाजूचे. पांढरे, लांब, मऊ केस पोटाखालचे, म्हणजे गोळी खाली लागली. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. काळपट लाल असेल तर यकृत. हिरवट-तपकिरी पाणी आणि आंबूस वास आला तर पोट किंवा आतडं.

ही तपासणी सर्वांत आधी का, तर गोळीच्या नावानं येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात. पोटात लागलेल्या गोळीचं वजन १३० होतं की १८०, यानं काही फरक पडत नाही. हरणाचं मर्म म्हणजे हृदय आणि दोन्ही फुप्फुसं. ही जागा साधारण आठ इंचांच्या थाळीएवढी असते. ती चुकली की जगातली कुठलीही गोळी ती चूक भरून काढत नाही.

याच खुणांवरून थांबायचं किती तेही ठरतं. फेसाळ रक्त असेल तर अर्धा तास. यकृत असेल तर तीन-चार तास. पोट असेल तर सहा ते आठ तास, शक्य असेल तर त्याहून जास्त. घाई करून मागे गेलात तर बसलेलं हरीण उठतं आणि पुढच्या डोंगरात निघून जातं. जखमी जनावर त्या थंडीत रात्रभर तसंच पडून राहणं, हे आपल्या हातून होता कामा नये.

मग पेटी वाचा. हेही फुकट

काडतुसांची पेटी हातात घ्या आणि सगळं वाचा, फक्त मोठा आकडा नको. गेल्या पाच-सहा वर्षांत तीनदा मला पेटीतच उत्तर मिळालं.

एकाची .२४३ विंचेस्टर होती. (टिंबानं सुरू होणारा असा आकडा म्हणजे साधारणपणे गोळीचा इंचातला व्यास.) रायफल उत्तम, नेम उत्तम. पण पेटी ५८ ग्रेनच्या व्हर्मिंट गोळ्यांची होती. या गोळ्या ग्राउंडहॉग आणि कोल्ह्याएवढ्या जनावरांसाठी असतात. कवच पातळ आणि आघात होताच फुटायच्या अशा हिशेबानं बनवलेल्या. त्यानं मादीच्या खांद्यावर धरून मारली, गोळी हाडावरच चुरा झाली. त्याच रायफलीत ९५ किंवा १०० ग्रेनची हरणासाठी बनवलेली गोळी घातली असती तर ती आरपार गेली असती.

दुसऱ्याकडे फुल मेटल जॅकेट होती, म्हणजे टोकापर्यंत तांब्याचं कवच असलेली सरावाची स्वस्त गोळी. ती उमलत नाही, दाभणासारखी आरपार जाते. बऱ्याच राज्यांत हरणासाठी ती बेकायदाच आहे आणि पेनसिल्व्हेनियातही उमलणारीच गोळी लागते. तिसऱ्याकडे मॅच गोळ्या, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या गोळ्या होत्या, कारण कागदावर त्यांचा गट, म्हणजे भोकांचा पुंजका, सुरेख पडत होता. टोकाला छिद्र दिसतं म्हणून ती उमलणारी असं त्याला वाटलं. ते छिद्र बनवण्याच्या पद्धतीमुळे राहतं, उमलण्यासाठी नसतं. सिएरा कंपनी आपली मॅचकिंग गोळी शिकारीसाठी वापरू नका असं स्वतःच सांगते.

आणि पेटीवरचं काडतुसाचं नाव नळीवर कोरलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. .३००नं सुरू होणारी काडतुसं अनेक आहेत. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३च्या रायफलीत बसलं आणि उडालं तर रायफल फुटते, आणि माणूसही जखमी होतो.

त्याच बैठकीत राज्याचे नियमही वाचून घ्या. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (व्यास) आणि किमान ७० ग्रेनची उमलणारी गोळी लागते. व्हर्जिनियात .२३च्या खाली चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला तुमच्या राज्यात बेकायदा ठरू शकतो.

नेम आणि झीरो. अर्धी पेटी खर्च होईल

गोळीला दोष देण्याआधी ती तुम्ही म्हणता तिथे जाते का हे कागदावर बघा. पिशवीवर टेकवून, १०० यार्डांवरून, शिकारीला नेणार तेच काडतूस आणि थंड नळी. तीन गोळ्या. सरावाला स्वस्त पेटी आणि शिकारीला महाग पेटी असा बेत करणारे इथेच फसतात. एकाच रायफलीत १५० ग्रेनवरून १८०वर गेलं की आघाताची जागा सहज दोन-तीन इंच सरकते. कधी वर-खाली, कधी आडवीसुद्धा. बहुतेक स्कोपची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीची, एक टिकटिक ही जागा १०० यार्डांवर पाव इंच सरकवते. म्हणजे तीन इंचांसाठी बारा टिकटिक, आणि ते न करताच माणूस रानात जातो.

गट चार-पाच इंचांचा पडत असेल तर स्कोपच्या कड्यांचे स्क्रू बघा. निम्म्या वेळा एखादा ढिला सापडतो. स्क्रू पक्के असतील तर नेमबाज दचकतो का ते बघा. मित्राला सांगा, खऱ्या काडतुसांमध्ये एखादं डमी काडतूस तुम्हाला न दाखवता भरून दे. डमीवर ट्रिगर दाबला आणि नळीनं खाली मान टाकली, तर रोग कळला. जास्त वजनाची गोळी जास्त लाथ मारते, त्यामुळे असा माणूस वजन वाढवत गेला की त्याचं हरीण आणखी लांब जातं.

अंतर आणि वेग. कागद-पेन्सिल पुरते

आता मुख्य मुद्द्यावर येतो. .३०-३० विंचेस्टर, .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या चारही काडतुसांतली गोळी .३०८ इंच व्यासाची असते आणि चारहींत १५० ग्रेनची मिळते. व्यास तोच, वजन तेच. पण .३०-३०मधून ती सेकंदाला सुमारे २३९० फुटांनी निघते, .३०८मधून २८२०नं, .३०-०६मधून २९१०नं आणि .३०० मॅग्नममधून ३२००च्या वर. मग हरणाला एकच वस्तू लागते असं कसं म्हणायचं?

नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगापेक्षा हरणापाशी पोचतानाचा वेग महत्त्वाचा. साध्या १५० ग्रेनच्या .३०८चा हिशेब घ्या. १०० यार्डांवर साधारण २५३०, २०० यार्डांवर २२६०, ३०० यार्डांवर २००० फूट प्रतिसेकंद. .३०-३०ची बोथट गोळी २०० यार्डांवरच १७००च्या खाली येते. शिशाचा मऊ गाभा असलेली साधी गोळी १८००च्या आसपासही उमलते. अख्ख्या तांब्याच्या गोळीला मनासारखं उमलायला मी २०००चा वेग धरून चालतो. उत्पादक याहून कमी आकडा देतात, पण कमीत कमी वेगावर उमलणं आणि नीट उमलणं यात फरक आहे.

तुमच्या काडतुसाचा अंतरानुसार वेग पेटीवर किंवा उत्पादकाच्या तक्त्यात असतो. तुम्ही खरोखर किती अंतरावरून मारता ते प्रामाणिकपणे लिहा. इथल्या ओकच्या जंगलात ते ४० ते १२० यार्ड असतं. वायोमिंगच्या माळावर म्यूल डिअर जातीच्या हरणामागे गेलात तर ३०० असू शकतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा आपोआप दिसतं.

माझ्या पहिल्या हंगामात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात "जड आणि मजबूत घे, कधी कमी पडणार नाही" असा सल्ला मिळाला. मी .३०-०६मध्ये १८० ग्रेनची, एल्कसारख्या तीनशे किलोच्या जनावरासाठी बनवलेली कडक गोळी घेतली. समोर आली पंचेचाळीस किलोची मादी, साठ यार्डांवर, आडवी उभी. गोळी दोन फासळ्यांच्या मधून शिरली आणि तशीच बाहेर गेली. बर्फावर केसांचा एक झुपका आणि रक्ताचे तीन ठिपके, बस. अंधार पडेपर्यंत शोधलं. सकाळी ती एका ओहोळाच्या काठी सापडली, दीडशे यार्डांवर, आणि कायोटींनी (इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांनी) मागचा भाग खाऊन टाकला होता. ते तीन ठिपके अजून डोळ्यांसमोर आहेत. कुणी मला गोळीबद्दल विचारलं की मी एवढा वेळ का देतो, त्याचं कारण तेच.

बांधणी बदला, वजन नंतर. एका पेटीचा खर्च

साध्या गोळीत तांब्याचं कवच आणि आत शिशाचा गाभा, दोन्ही एकमेकांना चिकटवलेले नसतात. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९पासून अशीच मिळते. मध्यम वेगाच्या काडतुसांतून, २०० यार्डांच्या आत, पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी तिच्यात कमी काही नाही. .३०-३०, .३०८, ७एमएम-०८वाल्यांना मी आधी हीच सांगतो. पहिलं लक्षण असलेल्या माणसाला मजबूत गोळीवरून इथे आणलं की बहुतेकदा काम होतं.

दुसरं लक्षण, म्हणजे खांद्याचा चुरा, जास्त करून मॅग्नममधून साधी किंवा प्लास्टिकच्या टोकाची मऊ गोळी जवळून मारल्यावर दिसतं. तिथे बॉन्डेड गोळी घ्या. हिच्यात गाभा कवचाला सांधलेला असतो. फेडरल फ्यूजन, नॉस्लर अॅक्युबॉन्ड ही त्यातली. किंवा पार्टिशन घ्या. जॉन नॉस्लरची गोळी १९४६मध्ये ब्रिटिश कोलंबियात एका मूसच्या, म्हणजे हरणाच्याच कुळातल्या प्रचंड जनावराच्या, चिखलानं माखलेल्या खांद्यावर फुटली. त्यावरून त्यानं मध्ये धातूची आडवी भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा अर्धा उमलतो, मागचा अर्धा आत शिरत राहतो. दोष ओळखून बांधणी बदलायची, हेच त्यानं केलं.

तिसरा मार्ग अख्ख्या तांब्याचा. बार्न्सनं १९८९मध्ये एक्स गोळी आणली, आता बहुतेक सगळ्यांच्याच आहेत. ती चार पाकळ्यांत उमलते आणि वजन जवळजवळ सगळं टिकवते. पेटी महाग पडते. पण घरात लहान मुलं असतील किंवा कुणी गरोदर असेल तर मी तांब्याचाच आग्रह धरतो. २००८मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि आरोग्य खात्यानं तो वाटू नका असं सांगितलं. आमच्याकडेही एकदा खांद्याचा खिमा स्टीलच्या पातेल्यात धुताना तळाशी टक् असा आवाज आला. मोहरीएवढा शिशाचा तुकडा होता, जखमेपासून वीतभर लांबच्या मांसातला. त्या दिवसापासून आमच्या घरात तांब्याचीच गोळी येते. शिशाची वापरलीत तर जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता काढून टाका.

गोळी कातडीखाली अडकलेली सापडली तर फेकू नका. धुऊन सोनाराच्या काट्यावर तोला. १५० ग्रेनची ९० भरली तर साधी गोळी व्यवस्थित वागली. ४० भरली तर तुमच्या वेगाला ती मऊ आहे. टोक तसंच टोकदार राहिलं असेल तर कडक आहे. यापेक्षा खात्रीचा पुरावा नाही.

आता वजन. बांधणी बरोबर निवडली की वजनाची निवड सोपी होते. .२४३मध्ये ९५-१००, .२७०मध्ये १३०, ६.५ क्रीडमूरमध्ये १२० ते १४३, ७एमएम-०८मध्ये १४०, .३०८ आणि .३०-०६मध्ये १५० ते १६५. .३०-३०मध्ये १५० किंवा १७०. लिव्हर रायफलीच्या (दांडी ओढून काडतूस भरायच्या रायफलीच्या) नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकतं. म्हणून तिथे बोथट किंवा मऊ रबरी टोकाचीच गोळी घालायची. एकाच व्यासात वजन वाढलं की गोळी लांब होते आणि खोल शिरते. १४० ग्रेनची ६.५ ही १५० ग्रेनच्या .३०८पेक्षा हलकी असूनही बारीक-लांब आहे, म्हणून तेवढीच किंवा जास्त खोल जाते. तांब्याची गोळी घेताना एक पायरी हलकी घ्या, १६५ऐवजी १५०. ती वजन गमावत नाही आणि वेग वाढल्यानं नीट उमलते.

वजन असो वा बांधणी, काहीही बदललं की पुन्हा झीरो. शिशाच्या गोळीवरून तांब्यावर जाताना नळी आधी नीट साफ करा, नाहीतर गट विखुरलेला दिसेल आणि दोष नव्या गोळीवर येईल.

नळीचा पीळ

कागदावर लांबट भोकं पडत असतील तर गोळी हवेत डुगडुगते आहे. नळीतल्या आट्यांचा पीळ लांब गोळीला पुरेसा फिरवत नाही. जुन्या .२२३मध्ये दर १२ इंचांत एक फेरा असतो, तिथे ७० ग्रेनच्या वरच्या लांब गोळ्या स्थिर राहत नाहीत. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते, म्हणून हा त्रास तिथे लवकर दिसतो. साधा उपाय म्हणजे हलकी, आखूड गोळी. नळी बदलण्याची गरज पडत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ट्रिगर दाबला आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, दबका आला, तर पुढची गोळी झाडू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून थांबा, रायफल रिकामी करा आणि गनस्मिथकडे, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या. बोल्ट उघडायला जोर लागत असेल, पुंगळी फाटून किंवा फुगून निघत असेल, टोपीतून काजळी गळत असेल, तरीही तेच. नळीच्या तोंडाची कड चेपली असेल किंवा दोन-तीन प्रकारच्या गोळ्या आणि घट्ट स्क्रू करूनही गट चार इंचांच्या आत येत नसेल, तर घरी कानस घेऊन बसू नका. हेडस्पेस, म्हणजे काडतूस आत बसल्यावर उरणारी जागा, मोजायला गेज लागतात आणि ते वाचणारा माणूस लागतो.

हरणाच्या बाबतीतही हेच. रक्त संपलं, दोनशे यार्ड गुडघ्यावर शोधून झालं, तर स्वतः रान तुडवत फिरू नका. पायांनी माग पुसतो. पेनसिल्व्हेनियासह अनेक राज्यांत पट्ट्याला बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याला परवानगी आहे आणि युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संस्थेकडे राज्यवार माणसांची यादी मिळते. माग दुसऱ्याच्या जमिनीत गेला तर आधी मालकाला फोन करा, तो नाही म्हणाला तर गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला. अशी माणसं कुत्रा घेऊन मध्यरात्री येतात, बरेचदा पेट्रोलच्या पैशांवर. हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्यांचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा.